वडीलधाऱ्यांचा हिस्सा

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज मला वृद्धांच्या सन्मानाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. आताच आपण पंचाहत्तरी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला. तो सोहळा कोणाचेही अंतःकरण भरून यावे असाच होता. तथापि टाळ्यांचा गजर चालू असताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो आपणांपुढे ठेवल्याखेरीज मला पुढे बोलता येणार नाही. ही शाल आज संध्याकाळी घरी गेल्यावर कोणत्या कोपऱ्यात जाईल? ती पांघरून निजणाऱ्या माणसास रात्री वेळेवर जेवण मिळते काय, हे आपल्यापैकी कोणी कधी पाहावयास गेले आहे काय? म्हणून अध्यक्षांची क्षमा मागून मी विषय किंचित बदलून घेतो. वृद्धांची जी हेळसांड आपल्या घराघरांत चालते, ती थांबविण्यासाठी सरकारने काय केले आणि आपण काय करावयाचे ठेवले, यासंबंधी मी बोलणार आहे.

दुसऱ्याचे दोष दाखविण्यापूर्वी माणसाने स्वतःचा दोष सांगावा, हा न्याय होय. म्हणून प्रथम माझाच सांगतो.

२०१३ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आपल्याच जिल्ह्यातील एका गावी एका घरची वाटणी करण्यासाठी पाच माणसे बसली होती, त्यांत मी एक होतो. गावाचे आणि घराचे नाव मी सांगणार नाही. घरचा कर्ता पुरुष आदल्या वर्षी निवर्तला होता. मागे तीन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि त्यांची आई. सातबाऱ्यावर वारस म्हणून पाचही नावे लागलेली होती. आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलो. कोणती बांधी कोणाकडे जाईल, बोडीचे पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यावे, बैलजोडी कोणास, आंब्याचे झाड कोणाच्या बांधावर धरावे, किंबहुना तांब्याचा हंडा कोणाच्या घरी राहावा, हे सारे कागदावर उतरले. मुलीने आणि आईने आपापला हक्क सोडून द्यावा असे ठरले. मुलीने सही केली आणि आईने अंगठा दिला. आईचे पुढे काय, असा प्रश्न कोणीतरी काढला, तेव्हा आम्हांपैकी एकाने, आणि तो मीच होतो, उत्तर दिले, "आई का वाटणीची वस्तू आहे? तिला तिघेही सांभाळतील." ते वाक्य सर्वांना फार आवडले. कागदावर मात्र त्यातील एक अक्षरही आले नाही.

दोन वर्षांनी मी त्या गावावरून जात होतो. दुपारची वेळ होती. ती माउली आपले गाठोडे मांडीशी घेऊन मारुतीच्या पारावर बसलेली मला दिसली. मी जवळ जाऊन विचारले, "माय, इथे कशी?" तिने कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, "आज एकतीस तारीख आहे ना, बाबू."

मला उलगडा होण्यास थोडा वेळ लागला. तिघा मुलांनी आईचे महिने वाटून घेतले होते. एकाच्या मते महिना तीस दिवसांचा, आणि तो त्याने पुरा केला होता. दुसऱ्याची पाळी पहिल्या तारखेस सुरू होणार होती. एकतीस तारीख कोणाच्याच हिश्श्यात नव्हती. आम्ही पाच शहाण्यांनी तांब्याच्या हंड्याची तजवीज केली होती, परंतु एकतिसाव्या दिवसाची केली नव्हती.

बंधुभगिनींनो, त्या जमिनीत त्या बाईचा हिस्सा होता. तो तिला कोणी दया म्हणून दिलेला नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने विधवेस मुलामुलींच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस ठरविले आहे. तो हिस्सा आम्ही तिच्याकडून सोडवून घेतला, आणि त्याच्या बदली तिला काही लिहून दिले नाही. मुलांचा दोष मी नाकारीत नाही. पण त्या दोषाची वाट आम्ही पंचांनी मोकळी करून दिली, हे मला आज या सभेत कबूल केले पाहिजे.

छळ हा शब्द उच्चारला की मारझोड डोळ्यांपुढे येते. ती होत नाही असे नाही. परंतु आपल्या घरांतील छळ पुष्कळदा हात न उगारता चालतो. म्हाताऱ्याशी दिवसचे दिवस कोणी न बोलणे, त्याचे अंथरूण सपरीत टाकणे, चष्मा फुटला तर तो वर्षभर तसाच राहू देणे, औषधाच्या वेळी "या वयात असे चालायचेच" म्हणून हात झटकणे, हा सारा छळच होय. आणि या सर्वांच्या मुळाशी बहुधा पैशाची परवशता असते. आपला जिल्हा धानाचा. आधारभूत किमतीने धान विकावयाचे तर सातबारा दाखवावा लागतो, आणि रक्कम ज्याच्या नावे नोंदणी त्याच्या बँकेच्या खात्यात जाते. ज्या माणसाने चाळीस पावसाळे चिखलात उभे राहून रोवणी केली, त्याचे नाव सातबाऱ्यावरून उतरले की त्याच बांधीच्या धानाचा एक रुपयाही त्याच्या हाती येत नाही, आणि दाढी करण्यासाठीसुद्धा त्यास मुलापुढे हात पसरावा लागतो. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये जिच्या नावावर येतात, त्या आजीबाईचे पासबुक कोणाच्या खिशात असते, याची चौकशी आपण आपल्या गावी करून पाहावी.

मराठी रंगभूमीने ही गोष्ट १९७० सालीच आपल्यापुढे मांडली होती. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' नाटकातील आप्पासाहेब बेलवलकरांचे दुर्दैव ज्या क्षणी सुरू होते, तो क्षण सर्वस्व मुलांस वाटून देण्याचा आहे. प्रेक्षकांनी त्यावर अश्रू ढाळले. आणि घरी येऊन आपण वाटण्या मात्र तशाच करीत राहिलो.

हे सारे झाकलेले का राहते? आपली अब्रू त्यास झाकते. आई बोलत नाही, कारण मुलाची नाचक्की होईल. शेजारी बोलत नाहीत, कारण तो परक्या घरचा मामला. आणि समाजाची संस्था बोलत नाही, कारण समाजाचे नाव खराब होईल. सोयरिकीच्या वेळी आपण मुलाचे शिक्षण विचारतो, नोकरी विचारतो, धानाची जमीन किती हे विचारतो. त्याची आजी कोठे निजते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

येथे एक अन्याय टाळला पाहिजे. म्हातारपणाचे सर्व दुःख सुनेच्या माथी मारण्याची आपल्याकडे रूढी आहे. ती सून पहाटे उठते, रोवणीस जाते, लेकरे सांभाळते आणि अंथरुणास खिळलेल्या सासऱ्याचे मलमूत्रही काढते. मुलगा पारावर बसून आईविषयी गहिवरतो आणि आईची सेवा मात्र बायकोने करावी असे म्हणतो. कायद्याचे म्हणणे याहून सरळ आहे. ज्याचे आईबाप त्याची जबाबदारी, मग तो मुलगा असो वा मुलगी. लग्न झालेल्या मुलीवरही हे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातीलच विजया मनोहर आरबट यांच्या खटल्यात दिला. तसेच दोन एकरांत पाच माणसांचे पोट भरणारा मुलगा आणि मोठ्या पगाराचा मुलगा यांना एकाच मापाने मोजणेही योग्य नाही. गरिबीमुळे होणारी आबाळ निराळी आणि असून न देणे निराळे. पहिलीस मदत हवी, दुसरीस जाब.

आता सरकारच्या प्रयत्नांकडे वळू. आईवडिलांना पोटगी मागण्याचा हक्क १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमात होता आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमातही होता. तेच कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आले आहे. परंतु म्हाताऱ्या माणसाने मुलाविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवाव्यात? म्हणून संसदेने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा स्वतंत्र कायदा केला. तो महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून अमलात आला आणि २०१० साली त्याचे नियम झाले. मी त्या वाटणीस बसलो तेव्हा हा कायदा येऊन चार वर्षे लोटली होती. आम्हा पाचांतील एकासही त्याची वार्ता नव्हती.

या कायद्याप्रमाणे अर्ज ऐकण्याचा अधिकार उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणास आहे. आपल्या जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव हे चार उपविभाग आहेत. त्यामुळे आठ तालुक्यांतील कोणाही वृद्धास हे दार फार दूर नाही. अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि वकील लावण्याची सक्ती नाही. प्रतिपक्षास नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवसांत, आणि अपवाद म्हणून आणखी तीस दिवसांत, निकाल द्यावा असे बंधन आहे. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम देवविता येते. ज्यास मूलबाळ नाही त्याने, वयाची साठ वर्षे पुरी झाली असल्यास, आपली मालमत्ता ज्या नातलगाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे त्याच्याकडून मागावे. वृद्धाची देखभाल ज्याच्याकडे आहे त्याने त्यास कायमचे वाऱ्यावर सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

याखेरीज ज्येष्ठांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक संपूर्ण देशात चालतो. त्यावर बोलण्यास पैसे पडत नाहीत. तो क्रमांक आपल्या घरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. लातूर जिल्हा परिषदेने तर नोव्हेंबर २०२० मध्ये ठराव केला की, जो कर्मचारी आईवडिलांस सांभाळीत नाही, त्याच्या पगारातून ३० टक्के कापून ती रक्कम आईवडिलांच्या खात्यात भरावी. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या, आणि त्यांतील सहा जण शिक्षक होते. हे ऐकून मान खाली जाते. शिक्षणाने माणूस आपोआप कृतज्ञ होतो, ही आपल्या मेळाव्यांतून नेहमी ऐकू येणारी समजूत आपण तपासून पाहिली पाहिजे.

परंतु पगार कापावयाचा तर तो असावा लागतो. धान पिकविणाऱ्या घरात सरकारचा हात कोठवर पोचेल? तेथे एकच वस्तू आहे, ती म्हणजे जमीन. आणि जमिनीचा कागद ज्या दिवशी होतो, त्याच दिवशी म्हातारपणाचे भवितव्य ठरते. याच ठिकाणी कायद्यातील तेविसावे कलम आपणांस नीट समजून घेतले पाहिजे. वृद्धाने आपली मालमत्ता 'माझा सांभाळ करावा' या अटीवर दुसऱ्यास दिली आणि त्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. पुष्कळांस एवढेच ठाऊक असते, आणि म्हातारी माणसे निर्धास्त राहतात. पण अट मुळातच नसेल तर काय? ६ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रामती देवी यांच्या प्रकरणात हाच मुद्दा निकालात काढला. ते कागदपत्र हक्कसोडीचे होते, आणि सांभाळाची अट त्यात नव्हती व सिद्धही झाली नाही. म्हणून ते रद्द होऊ शकले नाही. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, हा कायदा वृद्धांच्या हिताचा आहे आणि त्याचा अर्थ उदारपणे लावावा. त्या मध्य प्रदेशातील मातेला मालमत्ता परत मिळाली. परंतु तिच्या बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता आणि मुलाचे लेखी वचनपत्रही तिच्यापाशी होते, हे विसरू नये.

दोन माता, दोन निकाल. आणि दोहोंतील मुख्य अंतर लिहून घेतलेल्या चार ओळींचे. आमच्या वाटणीच्या कागदावर त्या ओळी नव्हत्या.

मग आपण काय करावयाचे? काही तरुण मित्रांनी मला सुचविले की, आईबापांस छळणाऱ्या घराशी समाजाने रोटीबेटी व्यवहार बंद करावा. त्यांचा संताप मी समजू शकतो, पण मार्ग चुकीचा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, आणि तो ठरावयासच हवा होता. बहिष्काराने त्या घरातील म्हातारीचे हाल दुप्पट होतील, आणि तिच्या नातीचे लग्न अडेल ते निराळेच. शिक्षा करणे हे समाजसंस्थेचे काम नव्हे. आपले काम याहून लहान आहे, पण ते दुसरे कोणी करणार नाही. मी चार सूचना सभेपुढे ठेवितो.

पहिली सूचना पंचांसाठी. वाटणी, बक्षीसपत्र किंवा हक्कसोड यांपैकी कोणत्याही कामास आपल्यातील कोणी बसला, तर आईवडिलांचा हिस्सा त्यांच्याच नावावर राहील असे त्याने पाहावे. विधवेकडून हक्कसोड मागू नये. मागे कोणास द्यावयाचे ते मृत्युपत्राने देता येते. आणि मृत्युपत्र जिवंतपणी बदलता येते, हाच त्याचा मोठा गुण. एवढे करूनही जमीन द्यावयाचीच असेल, तर सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहावी. कोणी राहावयास ठेवावे, दरमहा किती रक्कम द्यावी, दवाखान्याचा खर्च कोणी करावा, आणि महिन्याच्या एकतिसाव्या दिवसाचे काय, हे सारे त्यात यावे. वाटणी हे कायद्याच्या अर्थाने हस्तांतरण होते की नाही, यावर वाद निघू शकतो. म्हणून केवळ अटीवर विसंबू नये, हिस्सा राखणे हेच उत्तम. कागदाचा खर्च ही आता सबब राहिलेली नाही. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय घेतला आहे. कागद स्वस्त झाला की घाई वाढते. म्हणूनच आता अधिक सावध राहिले पाहिजे.

दुसरी सूचना संस्थेसाठी. कायद्याच्या पाचव्या कलमात असे आहे की, वृद्ध स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. तसेच सुनावणीपूर्वी समेट घडविण्यासाठी न्यायाधिकरण अशा संस्थेच्या प्रतिनिधीस नेमू शकते. आपली संस्था नोंदणीकृत आहे. म्हणजे हा अधिकार इतकी वर्षे आपल्या कपाटात पडून आहे, आणि आपण तो एकदाही बाहेर काढला नाही.

तिसरी सूचना. प्रत्येक तालुक्यात दोन माणसे नेमावीत, आणि त्यांतील एक स्त्री असावी. कारण म्हाताऱ्या बाईचे दुःख पुरुषापुढे उघडे होत नाही. ज्यांचा आपण सत्कार करितो त्यांच्या घरी या दोघांनी वर्षातून दोनदा तरी जावे, एकदा रोवणी आटोपल्यावर आणि एकदा धान घरात आल्यावर. भाषण न करिता नुसते बसावे, चहा घ्यावा, पासबुक कोणाजवळ आहे ते सहज विचारावे. पाहुणा येतो म्हटले की घर नीट राहते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

चौथी सूचना गरीब घरांसाठी. जेथे मुलगा सांभाळू इच्छितो पण त्याचे हात अपुरे पडतात, तेथे जाब न विचारता मदत करावी. श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून द्यावा, तहसीलीत बरोबर जावे, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेस नेऊन आणावे. आपण सत्काराच्या शालींवर जो खर्च करितो, त्यातून ही कामे सुरू करता येतील.

अध्यक्ष महाराज, आपण सर्व जण आषाढीस विठोबाच्या पायांवर डोके ठेवितो. तो देव पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला, अशी आपली श्रद्धा आहे. देव दारी आला असताही पुंडलिक आईबापांच्या सेवेतून उठला नाही, म्हणून देवास थांबावे लागले. आपल्या दारी मात्र आईबापच थांबलेले आहेत.

शेवटी त्या माउलीविषयी सांगितले पाहिजे. ती आज हयात नाही. आयुष्याची शेवटची वर्षे तिने मुलीच्या घरी काढली. हीच ती मुलगी, जिने त्या वाटणीच्या दिवशी एक गुंठाही न घेता सही केली होती. तिच्या घरी महिन्याचे दिवस कोणी मोजले नाहीत. मी भेटावयास गेलो, तेव्हा माउलीने मला ओळखले आणि चहा घेतल्याखेरीज उठू दिले नाही. मला दोष देणारा एक शब्दही ती बोलली नाही. तो न बोललेला शब्द मी बरोबर घेऊन फिरत आहे, आणि आज तो आपणां सर्वांच्या स्वाधीन करीत आहे.

मी मांडलेल्या सूचनांवर सभेने विचार करावा आणि पहिल्या सूचनेचा ठराव तरी आजच संमत करावा, अशी हात जोडून विनंती करितो.